चौदा थर

जेसीबीवाल्यानं विचारलं, हा मासा कुणाचा?
कुणीच पुढं आलं नाही.
मग त्यानं शेपटीपासून सुरुवात केली.

मी टपरीपाशी उभी होते, पिशवीत कोथिंबीर.
पायाशी येऊन पडला एक टवका,
खवल्याएवढा.
घरी आणून ब्लेडनं त्याची कड तासली
तर आत रंगावर रंग.
मोजले. चौदा.

सगळ्यात वर नगरपंचायतीचा गुलाबी.
तो बाबांचा नाही. तो टेंडरचा.

त्याखाली चंदेरी,
बाबांचा हात थरथरायला लागल्यावरचा.
त्या वर्षी डोळा जरा ओघळला खाली
आणि शाळेतली पोरं म्हणाली, मासा रडतोय.
बाबली पेंटरनं ऐकलं, पण पुसला नाही.
म्हणाले, रडूदे, उन्हात सुकात.

मग निळा, निळा, परत निळा:
मुकादमांच्या बर्फ कारखान्याची दारं रंगवून उरलेला.
पहाटे तिथं लाद्या फुटायच्या त्या आवाजानं
आमची आळी जागी व्हायची.
आता तिथं लग्नाचा हॉल आहे.
एसी चालत नाही म्हणतात.

नारिंगी एकच, केसाएवढा बारीक.
तंबूतल्या सिनेमाच्या फळीवर
नटीच्या पदराला लागला त्यातला उरलासुरला.
तंबू नेमका कुठं होता यावर
आजही दोन भाऊ एकमेकांशी बोलत नाहीत.
एक म्हणतो मिठागराच्या बांधावर,
दुसरा म्हणतो वडाकडं.
बांध नाही, वडही नाही.

आणि खाली, खूप खाली,
नुसता चुना.
बोट बंद झाली ते साल.
मुंबईचे रंगाचे डबे बोटीतूनच यायचे,
ते आले नाहीत.
तिकीटघराच्या जाळीमागं मास्तर महिनाभर
रोज येऊन बसले, सवयीनं,
पडाववाले शेवंडीच्या जाळ्यांकडं वळले,
आणि मासा तेवढा तोंड धक्क्याकडं करून
पांढराफटक उभा.
त्याचं कामच ते होतं: उतारूंना वाट दाखवणं.
धक्क्याकडं कुणी जाईना, तरी तो दाखवत राहिला.

शेवटचा थर रंगाचा नाहीच.
इनास लोबो गवंड्यानं सिमेंटातच कालवलेला
हिरवट काळा काहीतरी.
जन्मभर त्यानं विहिरी बांधल्या आणि क्रूस,
मासा हा एकदाच.
लोखंड परवडेना, म्हणून पोटात घातली
बोटीची तुटकी साखळी.
तिथं जेसीबी दोनदा अडला.
बघायला गर्दी झाली ती तेव्हा, आधी नाही.

गावानं इनासला कधी सोडलं नाही.
ही इसवण म्हणायची? मग शेपटी बांगड्याची कशी?
तो म्हणायचा, समुद्रात जावन इचारा.

परवा एक मुलगा घरी आला, हातात छापील तक्ता.
गावच्या जुन्या खुणांची नोंद करायची म्हणे.
कलाकाराचं नाव. वर्ष. माध्यम. सद्यस्थिती.
मी त्याला चहा दिला.
टवका दाखवणार होते,
पण त्यानं रकान्यात आधीच लिहिलं होतं: माशाचा पुतळा, नष्ट.
अक्षर सुंदर होतं. बाबांना आवडलं असतं.

टवका आता आगपेटीत आहे,
ती मिसळणाच्या डब्यामागं.

काल संध्याकाळच्या गाडीत कंडक्टर ओरडला,
मासोनाको!
चौघं उतरली. समोर सरळ, रुंद, काळा रस्ता,
मधोमध पिवळी रेघ.
शेजारची म्हातारी गाठोडं सावरत थबकली.
गो, ती इसवणच होती मा?

मी म्हटलं,
शेपटी बांगड्याची.